लघुग्रहाचा ताप कसा मोजतात?

गव्हाण | १५ डिसेंबर २०२५, रात्री ११.२०

परवा दुसरी पाळी संपवून बाराला कारखान्याबाहेर पडलो आणि घरी न जाता मोटारसायकल तशीच माळावर घातली. मिथुनेच्या उल्का बघायच्या होत्या. चंद्र दोनच्या सुमाराला उगवणार, म्हणजे दीड-पावणेदोन तास हातात. मफलर, घोंगडी, थर्मासमधला चहा असा सगळा बेत. ४७ मोजल्या. खाली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यांची गाणी चालू, आणि वर हे. एक तर अशी गेली की रांगेतले दोन ड्रायव्हर "आरं आरं" करत उठून बसले.

आता मुद्द्यावर येतो. या उल्का ज्या दगडाच्या कचऱ्यातून येतात त्याचं नाव ३२०० फेथॉन. उल्कावर्षाव म्हटलं की मागं धूमकेतू असायचा, इथं लघुग्रह निघाला. तो सापडला ऑक्टोबर १९८३ मध्ये, आयरास उपग्रहानं पाठवलेल्या माहितीत. अंतराळयानाच्या माहितीतून सापडलेला तो पहिला लघुग्रह. आणि आयरासवरची दुर्बीण होती अवरक्त (इन्फ्रारेड), ५७ सेंटिमीटरची. म्हणजे तिनं फेथॉनचा उजेड नाही, ऊब बघितली.

इथं मी अडकलो, कारण लांबून ऊब बघणं हा माझा रोजचा धंदा आहे. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर. बेअरिंग, मोटरी, स्टीमच्या लायनी, सगळीकडं ती पिस्तुलासारखी बंदूक रोखायची आणि आकडा वहीत लिहायचा. करोनात तुमच्या कपाळावर धरायचे, तिचीच थोरली बहीण. नव्या पोरांना वाटतं तो लाल ठिपका ताप मोजतो. ठिपका फक्त नेम धरायला. मोजायचं असतं ते वस्तूच्या अंगातून आपसूक निघणारं अवरक्त. माझी बंदूक बारास एक आहे: बारा फुटांवरून धरली तर फूटभर गोलातलं सगळं मिळून एकच आकडा देते. गोलात निम्मं बेअरिंग आणि निम्मी मागची भिंत आली की आकडा गेला चुलीत.

पहिल्याच हंगामात या बंदुकीपायी हात भाजून घेतलाय. रसाच्या हीटरची स्टीलची लाईन, नवीकोरी, आरशासारखी. बंदूक म्हणाली ४६. मी म्हणलं कोमट आहे, आणि तळहात टेकवला. आतला रस शंभराच्या वर! मुकादमानं टूथपेस्ट लावली वर, ती वेगळीच आग. नंतर वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा त्याच जागी लावून मोजलं तर ९७. चकचकीत धातू स्वतःची ऊब सोडायला कंजूष असतो, आणि समोरच्या भिंतीची ऊब मात्र आरशासारखी परत फेकतो. बंदूक बिचारी भिंत वाचत होती.

तर प्रश्न असा. हाताच्या अंतरावरची लाईन मला फसवते. मग कोट्यवधी किलोमीटरवरचा दगड, ज्याचं कातडं कसलं आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या उबेवरून हे लोक त्याचा व्यास कसा सांगतात? जाणकारांनी सांगावं. फार गणित नको, थोडं चालेल.

हुरडापार्टी | १५ डिसेंबर, रात्री ११.४१

दादा, माळावर एकट्यानंच? आम्हाला बोलवायचं की. आगटी पेटवली असती, हुरडा आणि उल्का दोन्ही झालं असतं.

गव्हाण | १५ डिसेंबर, रात्री ११.४४

आगटी पेटवली की उल्का गेल्या. डोळे दिपतात. हुरड्याला वेगळा ये.

खगोलमास्तर | १६ डिसेंबर, सकाळी ७.१०

गव्हाण, प्रश्न झकास आहे. आधी एक गंमत. अवरक्त किरण आणि 'ॲस्टेरॉइड' हा शब्द, दोन्ही एकाच माणसाचे: विल्यम हर्शेल. १८०० साली त्यानं लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथला पारा सगळ्यांत वर चढला. १ जानेवारी १८०१ ला पियाझीला सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला आणि १८०२ मध्ये हर्शेलनं 'ताऱ्यासारखे दिसणारे' म्हणून या मंडळींना ॲस्टेरॉइड म्हणायचं सुचवलं. पण लघुग्रहाच्या उबेवरून त्याचं माप काढायला १९७० उजाडलं. दोन्ही शोध एकाच घरात आणि दीडशेच्या वर वर्षं एकमेकांशी अबोला.

आता मापाची अडचण. साध्या दुर्बिणीतून लघुग्रह म्हणजे ठिपका. ठिपक्याचं तेज कळतं, आकार नाही. लहान पण चुन्यासारखा पांढरा, की मोठा पण कोळशासारखा काळा? दोघांचं तेज सारखंच येऊ शकतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पृथ्वीवर आदळेल म्हणून गाजलेला लघुग्रह २०२४ वायआर४ घ्या. त्याची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावर धरलेलं तेज) २४ च्या आसपास. तो उन्हाचा ५ टक्के भाग परत फेकतो असं धरलं तर व्यास येतो ९४ मीटर, २५ टक्के धरला तर ४२ मीटर. म्हणूनच तेव्हा सगळीकडं '४० ते ९० मीटर' असं छापून येत होतं. ही एवढी मोठी फट मोजणाऱ्याच्या आळसाची नाही, उजेडाच्याच स्वभावातली आहे. आणि व्यासात सव्वादोनपट फरक म्हणजे वजनात अकरापट.

बालाघाट | १६ डिसेंबर, दुपारी १.०५

त्या वायआर४ चं नाव काढलंच आहे तर बोलतो. फेब्रुवारीत आमच्या गावच्या ग्रुपवर रोज एक मेसेज: मुंबईवर आदळणार, आता कलकत्त्यावर आदळणार. आधी म्हणे १ टक्का, मग २, मग ३.१. आणि आठवड्याभरात शून्य. हे वाढवणं आणि घटवणं कोणाच्या हातात आहे? मला तर हा निधी उकळायचा धंदा वाटतो. पाऊस येणार येणार म्हणून पेरणी करायला लावणाऱ्यांसारखं.

दुधना | १६ डिसेंबर, रात्री ९.३०

बालाघाटदादा, राग समजू शकते, पण ते आकडे तसेच वागायला हवे होते. म्हैस हरवली आहे असं समजा. शंभर एकरांच्या शिवारात कुठंतरी आहे, आणि त्यात तुमचं तीन एकर रान आहे. म्हैस तुमच्या रानात असायची शक्यता ३ टक्के. खुरांचे ठसे बघून शोध पन्नास एकरांवर आला, तुमचं रान अजून आतच आहे, तर शक्यता ६. कोणी वाढवली नाही, बाकीची जागा गळाली. मग शोध ओढ्यापलीकडच्या दहा एकरांवर आला आणि तुमचं रान बाहेर पडलं. शून्य. वायआर४ २७ डिसेंबर २०२४ ला सापडला, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के हा कळस झाला, आणि पुढच्या निरीक्षणांत पृथ्वी त्या पट्ट्यातून बाहेर पडली.

तुमच्या ग्रुपवर जे आलं नसेल ते सांगते. मार्चमध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं त्याची ऊब मोजली आणि ४० ते ९० ची फट मिटून ६० मीटर आली, अधिक-उणे ७. मे महिन्यात वेबनंच पुन्हा पाहिल्यावर २२ डिसेंबर २०३२ ला तो चंद्रावर आदळायची शक्यता तेव्हा ४.३ टक्के निघाली होती. पृथ्वीला नाही, चंद्राला.

आता गव्हाण यांचा प्रश्न. (मी मूळची परभणीकडची, सध्या पुण्यात वर्णपटांवर काम करते, लघुग्रह माझा थेट विषय नाही. चुकलं तर मास्तरांनी कान धरावा.)

उन्हाळ्यात आपल्याकडं पत्र्यांना आणि स्लॅबला चुना मारतात. शेजारी-शेजारी दोन घरं, एकाचा स्लॅब चुन्याचा, एकाचा डांबराचा. डोंगरावरून पाहिलं तर चुन्याचा डोळ्यात भरतो. आता उलटं बघा: जे ऊन परत गेलं नाही ते कुठं गेलं? ते छत प्यायलं, आणि जेवढं प्यायलं तेवढं ऊब म्हणून सोडणारच. दुसरा रस्ता नाही. लघुग्रहांत गंमत अशी की सगळेच मुळात काळपट. मास्तरांचा ५ टक्क्यांवाला सगळ्या दिशांचा हिशेब केला तर जवळजवळ ९८ टक्के ऊन पितो आणि २५ टक्क्यांवाला ९०. उजेडात पाचपट फरक आणि उबेत दहावा हिस्सासुद्धा नाही! त्यामुळं ठिपक्याची ऊब मोजली की ती थेट त्याच्या पसाऱ्याशी बोलते. रंगाची लबाडी जवळजवळ चालत नाही. मग माप कळलं की उजेडाशी ताडून रंगही कळतो. एका दगडात... जाऊ द्या, तो विनोद करत नाही.

आणि तुमची चिकटपट्टी. दगड, धूळ, माती, विटा यांचं कातडं ऊब सोडायला उदार असतं, साधारण नव्वद टक्के. लघुग्रहांवर धूळदगडच असल्यामुळं निसर्गानं तुमची काळी पट्टी आधीच लावून ठेवली आहे. फजिती होते ती धातू जास्त असलेल्या लघुग्रहांवर, तिथं तुमची स्टीलची लाईन आठवायची.

गव्हाण | १६ डिसेंबर, रात्री ११.५२

ताई, काय सांगायलाव! चुन्याचं लई बरोबर बसलं. आमच्या कँटीनच्या पत्र्याला दरवर्षी मीच मारायला लावतो आणि हे डोक्यात आलं नाही.

मांजराकाठ | १७ डिसेंबर, सकाळी ६.२०

मंडळी, एक जुनी आठवण. मी चौथी-पाचवीत असेन. हिवाळ्यातच एका सकाळी आमच्या शिवारात आभाळातून पेटी उतरली. वर फाटलेलं छत्र, आणि लांबच लांब पातळ पांढरं प्लास्टिक तुरीवर पसरलेलं. गाव गोळा झालं. कोण म्हणे पाकिस्तानचं, कोण म्हणे बाँब. पोलीस पाटलानं पेटीभोवती काट्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी हैदराबादेहून जीप आली, माणसं शांतपणे पेटी घेऊन गेली, आणि सापडून दिल्याबद्दल पाटलाला पैसे दिले. प्लास्टिक मात्र तोवर चार घरांच्या कडब्याच्या गंजीवर पोचलं होतं. दोन पावसाळे टिकलं.

पुढं कळलं की हैदराबादला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) फुगे सोडायचं केंद्र आहे. तिथून एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण फुग्याखाली टांगून ३० किलोमीटरच्या आसपास वर नेत. ती लघुग्रहांसाठी नव्हती, तारे जन्मतात त्या ढगांसाठी होती. पण एवढा खटाटोप कशाला? दुर्बीण डोंगरावर ठेवली तर चालत नाही का? वेरूळच्या डोंगरावर, म्हैसमाळला, आपल्याकडं तर आभाळ आठ महिने कोरडं ठणठणीत.

गव्हाण | १७ डिसेंबर, दुपारी ४.१५

काका, याचं उत्तर माझ्या वहीत आहे. बंदूक आभाळाकडं धरायची खोड मला आहेच. काल रात्री डोक्यावर धरली: उणे २३. हीच बंदूक ऑगस्टमध्ये भरून आलेल्या आभाळाकडं धरली होती, तेव्हा १४ दाखवत होती, शून्याच्या वर! म्हणजे बंदुकीला तारे-बिरे काही दिसत नाहीत. मधल्या हवेची, वाफेची, ढगांची ऊब दिसते. कोरडी रात्र असली तरी उणे २३, अंतराळ त्याच्या किती तरी खाली. आभाळ आपल्याला मोकळं दिसतं, बंदुकीला तिथं छत दिसतं.

खगोलमास्तर | १७ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

हेच. पाण्याची वाफ बरंचसं अवरक्त गिळते, मध्ये थोड्याच खिडक्या उघड्या असतात, त्यातली एक ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या दरम्यान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून जितकं वर आणि कोरडं तितकं बरं. आपल्या देशात अबूच्या गुरुशिखरावर १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे, आणि लडाखात हान्लेला ४५०० मीटरवर २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण (हा चंद्र आभाळातला नाही, शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावातला). म्हैसमाळ त्यापुढं टेकडीच म्हणायची.

दुसरी अडचण खुद्द दुर्बिणीची. तिचं अंग कोमट असेल तर तीच चमकते. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून समोरच्याच्या विडीची ऊब ओळखायची, तसं. म्हणून आयरासला द्रव हेलियमनं गार ठेवलं होतं. हेलियम संपलं, काम संपलं, जेमतेम दहा महिने. पुढं डिसेंबर २००९ मध्ये वाइज नावाची अवरक्त दुर्बीण अंतराळात गेली, ४० सेंटिमीटरची. तिला गोठवलेल्या हायड्रोजननं गार केलं होतं. तोही २०१० मध्ये संपला, पण तिच्या चार डोळ्यांपैकी ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचे दोन चालू राहिले. पृथ्वीजवळचे लघुग्रह अंगानं बऱ्यापैकी तापलेले असतात, ते या दोन डोळ्यांनाही दिसतात. मग तिला निओवाइज नाव मिळालं, मध्ये २०११ ते २०१३ झोपवून ठेवलं, पुन्हा उठवलं आणि ८ ऑगस्ट २०२४ पर्यंत राबवलं. काही महिन्यांसाठी पाठवलेली दुर्बीण चौदा वर्षं चालली. पेन्शनीत निघाल्यावर जास्त काम केलेल्या आमच्या काही सहकाऱ्यांची आठवण येते. (सगळ्यांची नाही.)

आडवाट | १७ डिसेंबर, रात्री १०.१५

अवांतर: एवढं लांब कशाला जाताय, लघुग्रह आपल्या मराठवाड्यातच पडलेला आहे की. लोणार.

हुरडापार्टी | १७ डिसेंबर, रात्री १०.१८

लोणार बुलढाण्यात. बुलढाणा विदर्भात.

आडवाट | १७ डिसेंबर, रात्री १०.२०

मंठ्यावरून तासाभरात पोचतो आम्ही. दगड पडला तेव्हा जिल्हे नव्हते.

खगोलमास्तर | १७ डिसेंबर, रात्री १०.४०

भांडू नका, विवर जवळजवळ १.८ किलोमीटरचं आहे, दोघांना पुरेल. बेसाल्टात झालेली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच, म्हणून चंद्र-मंगळवाले त्याचा अभ्यास करतात. लोणार वेगळ्या धाग्यावर घ्या.

बालाघाट | १८ डिसेंबर, दुपारी २.३०

दोन दिवस वाचन करून आलोय, आता बोलतो. म्हशीचा हिशेब पटला, तो शब्द मागे घेतो. पण उबेवरून माप बिनचूक येतं हे मात्र तुम्ही लोक फार सहज म्हणताय. नेथन मायरवोल्ड, मायक्रोसॉफ्टचा एकेकाळचा तंत्रज्ञानप्रमुख, त्यानं २०१६ पासून निओवाइजच्या मापांवर आक्षेप घेतलेत, २०१८ मध्ये 'इकॅरस' या ग्रहविज्ञानाच्या नियतकालिकात त्याचा लेखही आला. निओवाइजवाल्यांनी ते फेटाळले, पण वाद झालाच ना? दुसरं, गव्हाण म्हणतात तसं बंदुकीच्या गोलात सगळं एकत्र येतं. लघुग्रहाची एक बाजू उन्हात, एक अंधारात, वर तो फिरतो. मग कुठली ऊब धरायची?

दुधना | १८ डिसेंबर, रात्री १०.०५

दादा, हा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. दुर्बिणीला खरंच एकच आकडा मिळतो, फार तर दोन-चार तरंगलांबींचे दोन-चार. मग दगड गोल आहे, ऊन समोरून येतं, पृष्ठभाग असा असा तापतो, असं प्रारूप धरावं लागतं, आणि कुठं किती तापतो याचा एक आकडा जुळवून घ्यावा लागतो. बऱ्याच वेळा चूक दहा टक्क्यांच्या आसपास राहते. लघुग्रह ताऱ्यासमोरून जाताना तारा किती सेकंद झाकला गेला हे हौशी लोकही मोजतात, त्या मापांशी ताडून बघता येतं. पण एकट्या दुकट्या लघुग्रहाचं माप याहून जास्त चुकू शकतं, हे मान्य.

खरी फजिती मापात नाही, पृष्ठभाग ओळखण्यात झाली. ती गोष्ट सांगते.

आमच्या आजीचं घर माळवदाचं. खाली सागाची तुळई, वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. मे महिन्यात दुपारी आत गार असायचं आणि रात्री आठ-नऊला भिंतीला पाठ टेकवली तर तव्यासारखी. अंगणातली फुफाट्याची धूळ मात्र दिवस मावळला की लगेच निवायची, आम्ही अनवाणी खेळायचो. दगड-भिंत ऊब आत मुरवून ठेवते आणि सावकाश सोडते, धूळ वरच्या वर तापते आणि वरच्या वर निवते. याला औष्णिक जडत्व म्हणतात. लघुग्रहाची ऊब वेगवेगळ्या वेळी मोजली की त्याचं अंग दगडी आहे की धुळीचं, याचा अंदाज बांधता येतो.

बेनू नावाच्या लघुग्रहाचा असा अंदाज २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या मोजमापांवरून बांधला होता. ऊब लवकर निवत होती, म्हणजे बारीक खडी-वाळू असणार. त्या भरवशावर यान उतरवायला ५० मीटर रुंद मोकळी जागा सहज मिळेल असं धरून ओसायरिस-रेक्स या नासाच्या यानाची आखणी झाली. डिसेंबर २०१८ मध्ये यान पोचलं तर समोर धोंडेच धोंडे! पाय ठेवायला जागा नाही. शेवटी १६ मीटरची एक जागा शोधली आणि तिथून माती उचलली. ऊब खोटं बोलली नव्हती. ते धोंडेच आतून सच्छिद्र, ठिसूळ, म्हणून ते धुळीसारखे पटकन निवत होते. जपानच्या हायाबुसा-२ यानाला र्युगू लघुग्रहावर अवरक्त कॅमेऱ्यातून तसेच सच्छिद्र धोंडे दिसले. आकडा बरोबर होता, त्यातून 'वाळू' वाचणारे आपण होतो. व्यास मात्र आधी काढलेलाच बरोबर निघाला, अर्धा किलोमीटरच्या जरा खाली.

गव्हाण | १९ डिसेंबर, पहाटे ५.४०

म्हणजे माझ्या लाईनीसारखंच. बंदूक ४६ बोलली तेही बरोबरच होतं, मी भिंतीचा आकडा पाईपचा समजलो.

खगोलमास्तर | १९ डिसेंबर, सकाळी ७.२५

मुरलेल्या उबेवरून पुढचं. आपल्याकडं ऊन बाराला डोक्यावर आणि काहिली तीनला, हो ना? लघुग्रहावरही दुपारनंतरची बाजू जास्त तापलेली असते, आणि ती जास्त ऊब बाहेर टाकते. ऊब बाहेर जाताना इवलासा मागे रेटा देते. हा रेटा इतका बारीक की सांगायची लाज वाटावी, पण तो रोज, त्याच बाजूनं, लाखो वर्षं. दगड ज्या दिशेनं सूर्याभोवती जातो त्याच दिशेनं स्वतःभोवती फिरत असेल तर बाहेर सरकतो, उलट फिरत असेल तर आत. बेनू उलटा फिरतो आणि वर्षाला साधारण २८४ मीटर आत येतो. यार्कोव्स्की परिणाम म्हणतात याला. हे धरल्याशिवाय पुढच्या शतकातला रस्ता सांगता येत नाही. बेनूची २४ सप्टेंबर २१८२ ला पृथ्वीवर आदळायची शक्यता २७०० त एक काढली आहे, ती हा दुपारचा रेटा धरूनच. बालाघाट, हे तुमच्या ग्रुपवर टाकू नका, हात जोडतो.

बालाघाट | १९ डिसेंबर, सकाळी ८.०२

टाकलं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष | १९ डिसेंबर, रात्री ८.४५

सूर्यमालेबाहेरून आलेला धूमकेतू ३आय ॲटलास आज पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ आहे ना? धूमकेतूंचंही अवरक्तातून असंच माप काढतात का? आणि २०२० मध्ये दिसला तो निओवाइज धूमकेतू याच दुर्बिणीचा का? जुलैत आम्ही गच्चीवर रोज बसायचो आणि रोज ढग.

दुधना | १९ डिसेंबर, रात्री ९.५०

हो, तोच, २७ मार्च २०२० ला या दुर्बिणीनं शोधला. ढगांबद्दल सहानुभूती, पुण्यातही हेच झालं.

३आय आज जवळ म्हणजे २७ कोटी किलोमीटरवर आहे. धूमकेतूला धुळीचा बुरखा असतो, त्यामुळं गाभ्याचं माप अवघड. पण अवरक्तात दुसरंच घबाड मिळतं: वायू. कार्बन डायऑक्साइडची खूण ४.३ मायक्रॉनजवळ उमटते, आणि जमिनीवरून ती दिसणं अशक्य, कारण मध्ये आपल्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड आडवा. ऑगस्टमध्ये वेबनं ३आय पाहिला तेव्हा त्याच्यातून पाण्याच्या जवळजवळ आठपट कार्बन डायऑक्साइड निघत होता. आपल्या घरच्या धूमकेतूंत असा मासला विरळा. परका पाहुणा, शिदोरीही परकी.

मांजराकाठ | २० डिसेंबर, सकाळी ६.४०

आणि आता निओवाइज गेली, तर राखण कोण करतंय?

खगोलमास्तर | २० डिसेंबर, सकाळी ९.१५

जमिनीवरून शोध चालूच आहे, पण त्या दुर्बिणी रात्रीच्या. सूर्याच्या बाजूनं येणारा त्यांना दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटला तो तसाच आला होता, फक्त २० मीटरचा. काचा फुटून दीड हजाराच्या आसपास लोक जखमी. निओ सर्व्हेयर नावाची ५० सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण सप्टेंबर २०२७ मध्ये पाठवायचा बेत आहे. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला राहील आणि सूर्याच्या बरंच जवळचं आकाशही बघेल. हेलियम-हायड्रोजनची भानगड नाही, सावलीत राहूनच गार. १४० मीटरपेक्षा मोठ्यांपैकी निदान दोन-तृतीयांश पाच वर्षांत हुडकायचे, हे तिचं काम.

गव्हाण | २१ डिसेंबर, रात्री ११.१०

आज सुट्टी होती, घरचंच मोजलं. बंदूक तीच, अंतर हातभर. गंजका पत्रा मुद्दाम घेतला, कारण नवा पत्रा पुन्हा फसवतो.

दुपारी ४ ला: गंजका पत्रा ३७, मारुतीच्या पाराचा दगड ३३, नांगरलेलं काळं रान ३४.
संध्याकाळी ७ ला: पत्रा १४, पार २५, रान १८.
पहाटेचे आकडे कालच घेतलेत, साडेपाचचे: पत्रा ७, पार १६, रान १०. तेव्हा हवा ११ होती. पत्रा हवेपेक्षा गार! वर दव साचलेलं.

म्हणजे चारला बघितलं तर तिघं भाऊ-भाऊ, आणि सातला बघितलं तर ओळखता येतात. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं काय मोजायलास, म्हणलं दगडाचा ताप. त्यातले एक म्हणाले, आमचा मोज आधी. मोजला. ३२. कपाळ गार पडलेलं होतं मफलर नसल्यामुळं.

दुधना | २१ डिसेंबर, रात्री ११.३५

सुंदर! एकच दुरुस्ती. पत्रा लवकर निवतो तो पातळ आहे म्हणून, त्याच्याकडं ऊब ठेवायला जागाच नाही. त्याला धुळीच्या रांगेत बसवू नका. पार आणि रान यांची तुलना मात्र अगदी बेनूच्या जातीची. रान ओलं होतं का कोरडं? ओलं असेल तर आकडे बदलतील.

गव्हाण | २१ डिसेंबर, रात्री ११.४०

कोरडं. परवा हरभऱ्याला पाणी दिलंय त्या पट्टीत उद्या घेतो.

बालाघाट | २२ डिसेंबर, सकाळी ७.१५

गव्हाण, ही बंदूक केवढ्याला मिळते? आणि बारास एक घ्यावी की त्याहून जास्तीची? आमच्या पाराचा दगड वेगळा आहे, गुळगुळीत झालेला. बघायचंय.